दहा दिवस बसलेलं गाव

आमच्याकडे, म्हणजे जुन्नर-आंबेगावात, लग्न असो नाहीतर दहावा, माईकवाल्याशिवाय होत नाही. तीस वर्षं तो माईकवाला मी होतो. शिक्षण नववी. तरी लोक मला सर म्हणतात, कारण हातात माईक असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणावं हे अजून कुणाला सुचलेलं नाही. गेल्या वर्षी घसा कायमचा बसला. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. माझ्या बायकोने त्यांचे दोनदा आभार मानले.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर विधी असतो. एका अंगाला घरची माणसं डोकी भादरून पिंडापाशी बसतात. दुसऱ्या अंगाला मंडप, सतरंज्या, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. मंडपात जो कोणी मोठा माणूस येतो, तो आपलं नाव आणि पदं लिहून चिठ्ठी पुढे पाठवतो. ती चिठ्ठी वाचली गेली पाहिजे आणि योग्य क्रमाने वाचली गेली पाहिजे. माजी सभापतींचं नाव चालू सरपंचांच्या मागून घेतलं, तर ते त्या घरच्या लग्नाला येत नाहीत. एका गृहस्थांच्या चिठ्ठीवर अकरा पदं असायची. त्यातली चार पदं बुडालेल्या संस्थांची होती.

सगळ्यांनाच बोलायचं असतं आणि ऊन तर चढत असतं. त्यासाठी माझं एक वाक्य होतं: "वेळेअभावी यांना बोलता येणार नाही, त्यांच्या भावना पोचल्या असं आपण समजूया." या एका वाक्याने मी तालुक्याला किती भाषणांपासून वाचवलं याची कुठे नोंद नाही.

माझ्याकडे दोन फायली होत्या. लाल फाईल लग्नाची, पांढरी दहाव्याची. दोन्हींत चारोळ्या. पांढऱ्या फायलीत पुरुषांसाठी वटवृक्ष आणि बायकांसाठी चंदन. बेल्ह्याचे एक म्हातारबाबा, बैलांचे व्यापारी, जिवंतपणी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "माझ्यावर काय बोलनार ते आत्ताच वाचून दावा." मी वाचलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "त्ये कष्टाळू काढा. लोक हासतील." मी काढलं. दहाव्याला ते नसल्याने मुलांनी पुन्हा घालायला लावलं.

आता त्या दहा दिवसांचं.

देशाचा एक मोठा नेता गेला. नाव लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्याला जो मोठा वाटतो तो धरावा. दुपारची वेळ होती, थंडीचे दिवस. टीव्हीवर बातमी आली आणि आमचं गाव, येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं, एकदम चौकात जमा झालं. दुःख खोटं नव्हतं, हे आधीच सांगतो. आमचे सरपंच तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचे विरोधक, माजी सरपंच अण्णा, तेही जेवले नाहीत. तात्या जेवले नाहीत हे कळायच्या आधीपासून. माझी बायको, जी सख्ख्या चुलत्याच्या वेळी रडली नव्हती, ती टीव्हीपुढे पदर लावून बसली.

सरकारने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद, असं त्यात होतं. आमच्या गावात सरकारी करमणूक कधी झालेलीच नव्हती. तेव्हा लोकांनी जे सापडलं ते बंद केलं. गिरणीवाला दळताना गाणी लावायचा, ती बंद. पोरांचा व्हॉलीबॉल बंद. कांदा-बटाट्याचा टेम्पो यायचा, त्याच्या कर्ण्यावरची रेकॉर्ड बंद. टेम्पोवाला दारोदार जाऊन कानात बटाटे म्हणायचा. एका घरी हळद होती, ती मुक्याने लागली. वस्तीवरचे शेतकरी बिबट्याच्या धाकाने रानात रेडिओ मोठा लावून काम करतात, तोही बंद झाला. बिबट्याला दुखवट्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन गेला.

आवाज फक्त माझा चालू होता. रोज संध्याकाळी शोकसभा. आमच्या गावात, शेजारच्या गावात, वारूळवाडीला, पुढच्या वाडीला. त्या आठवड्यात पांढरी फाईल माझ्या हातून खाली ठेवली गेली नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. एवढा मोठा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आला होता.

दुसऱ्या दिवशी चौकात मी माईक तपासत असताना गेनभाऊ आले. हे धरणवस्तीवर राहायचे. आंबेगावच्या डोंगरातून नवरा-बायको चाळीस वर्षांपूर्वी कामाला खाली उतरले आणि इथेच राहिले. कांद्याची लागण, द्राक्षाची छाटणी, गावातल्या प्रत्येक बांधावर दोघांचे पाय लागलेले. लेकरूबाळ नाही. गेनभाऊ कमी बोलायचे. हौसाबाई, त्यांची बायको, त्याहून कमी.

"सर, आमची ही गेली," ते म्हणाले.

मला वाटलं, डोंगरात माहेरी गेली असेल. मी विचारलं, "कधी येणार मग परत?"

"न्हाई. वारली. काल दुपारी."

म्हणजे नेता गेला त्याच दुपारी. आम्ही सगळे चौकात फोटोला हार घालत होतो तेव्हा नदीला आठ माणसांनी हौसाबाईला पोचवलं होतं. गावात कुणाला कळलंही नव्हतं. मी काहीबाही बोललो. ते थांबून राहिले. मग म्हणाले, "दहाव्याला तिच्यासाटी दोन शब्द बोलताल का? आमचं लगीन डोंगरात झालं, तवा माईक कुटला. तिचं नाव कवा माईकवर आलंच न्हाई. यकदा यावं, असं वाटतंय."

"बोलू की," मी म्हणालो, आणि माईकमध्ये फुंकर मारून पुढच्या कामाला लागलो.

सात दिवस संपले. सरकारी दुखवटा संपला. पण संपला असं आमच्याकडे कुणी म्हणेना. गिरणीवाला मला म्हणाला, "सर, गानी लावू का?" मी म्हणालो, सरकारने परवानगी दिली आहे. तो म्हणाला, "सरकारचं न्हाई इचारत. तात्याच्या घरून आवाज आला का काई?" तात्यांचं लक्ष अण्णांकडे होतं. अण्णांचं तात्यांकडे. जो आधी हसेल, गाणं लावेल, चौकातला फोटो उतरवेल, त्याला नेत्याचं दुःखच नव्हतं असं पुढच्या निवडणुकीत दुसरा सांगणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. अण्णांच्या मोबाइलवर लावणीची रिंगटोन होती. ती वाजू नये म्हणून त्यांनी फोन बंद करून कणगीत ठेवला होता.

आठव्या दिवशी देवळात बैठक झाली. किसनबुवा म्हणून आमच्यातले वयाने मोठे, सुतकाबितकाचं सगळं त्यांना विचारतात. त्यांनी अडचण बरोबर मांडली. घरात माणूस गेलं की घरच्यांनी स्वतःहून उठायचं नसतं. दहाव्याला सोयरे येतात, सासरवाडीचा माणूस डोक्यावर नवी टोपी ठेवतो, तोंडात गोड घालतो, हाताला धरून उठवतो आणि म्हणतो, आता कामाला लागा. मग माणूस उठतो. त्याने स्वतःहून उठणं शोभत नाही.

"आता हितं तर सगळाच देश घरचा," किसनबुवा म्हणाले. "मंग पावनं कोन? कुनी यायचं टोपी घिऊन?"

कुणीतरी परदेशाचं नाव काढलं, पण तिकडून वेळेत कोण येणार? शेवटी ठरलं, शेजारच्या गावच्या सरपंचांना पाहुणा मानायचं. दहाव्या दिवशी घाटावर मोठी श्रद्धांजली घ्यायची, पिंडबिंड नाही, ते त्यांच्या घरचे करतील. भाषणं झाली की शेजारच्या सरपंचांनी गावाच्या डोक्यावर टोपी ठेवायची. गावाचं डोकं कोणतं, तात्यांचं की अण्णांचं, हे मात्र ठरलं नाही. दोघांनीही त्याच दिवशी केस कापले.

दहावा दिवस म्हणजे हौसाबाईचाही दहावा. एकच घाट, एकच माईक आणि मी एकटा. मी गेनभाऊंकडे जाऊन सांगितलं, "मोठा कार्यक्रम आधी होऊ द्या. शेवटी हौसाबाईंचं स्वतंत्र घेतो." खरं म्हणजे त्यांचं सकाळी सातला उरकून मला मोठ्या कार्यक्रमाला उभं राहता आलं असतं. पण सातला मला पुढाऱ्यांची वाट बघायची होती.

"तुमी म्हनाल तसं," गेनभाऊ म्हणाले. "नाव तेवढं घ्या." अंगणवाडीच्या बाईंकडून लिहून आणलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर एवढंच होतं: हौसाबाई गेनभाऊ, धरणवस्ती. मी ती जपून वरच्या खिशात ठेवली.

दहाव्याला घाट भरला होता. पाण्याकडेला गेनभाऊ डोकं भादरून बसलेले, शेजारी हौसाबाईचा धाकटा भाऊ सोमा. तो पहाटेच डोंगरातून आला होता, पिशवीत टोपी, टॉवेल आणि केळीच्या पानात बांधलेले गुळाचे लाडू घेऊन. त्यांच्या पिंडाला कावळा आठ वाजायच्या आत शिवून गेला. ते दोघं तिथेच आमचं संपायची वाट बघत बसले.

आमचं संपेना. शेजारचे सरपंच एकच टोपी घेऊन आले होते आणि पुढच्या सतरंजीवर तात्या आणि अण्णा मांडीला मांडी लावून बसले होते. ते बघून त्या भल्या माणसाने माझ्या कानात सांगितलं, "सर, भाषनं वाढवा. मला इचार करू द्या." मी वाढवली. चिठ्ठ्या येतच होत्या. मी त्या डाव्या हातात धरून वाचत होतो, डाव्या हातात मावेनात तेव्हा वरच्या खिशात कोंबत होतो, मग खिशातून काढून वाचत होतो. अकरा वाजले, ऊन डोक्यावर आलं. तीन तास मांडी घातलेल्या माणसांना आपले पाय कुठे आहेत हे हाताने चाचपून बघावं लागत होतं. मी माझ्या नेहमीच्या वाक्यावर आलो आणि उरलेल्या चिठ्ठ्या एका दमात उरकायला घेतल्या.

"सोसायटीचे व्हाइस चेअरमन उपस्थित आहेत. वेळेअभावी यांना बोलता येणार नाही, त्यांच्या भावना पोचल्या असं आपण समजूया. दूध संस्थेचे संचालक उपस्थित आहेत. वेळेअभावी यांना बोलता येणार नाही, त्यांच्या भावना पोचल्या असं आपण समजूया. हौसाबाई गेनभाऊ, धरणवस्ती, उपस्थित आहेत. वेळेअभावी यांना बोलता येणार नाही, त्यांच्या भावना…"

तिथे मी थांबलो.

एरवी असं काही झालं असतं तर मागच्या रांगेतून हसू फुटलं असतं. पण गाव दहा दिवस हसलं नव्हतं, त्यामुळे हसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी माना वळवून पाण्याकडे बघितलं. गेनभाऊ माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. तोवर मी नावं चुकलो होतो, पदं चुकलो होतो, एकदा नवरदेवाच्या बापाला कैलासवासी म्हणालो होतो. पण अशी लाज कधी वाटली नव्हती. त्या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

मी माईक हातात तसाच धरून पाण्याकडे गेलो. हात जोडले, म्हणजे माईकसकट जोडले. "गेनभाऊ, चुकलं माझं."

"चुकलं कुटं?" गेनभाऊ म्हणाले. "बराबर हाय. तिला कवा येळ व्हता?"

माईक चालू होता. ते घाटभर ऐकू गेलं, आणि पाण्यावरून पलीकडच्या वस्तीवरही गेलं असणार.

सोमाला काय वाटलं कोण जाणे. त्याला बहुतेक वाटलं, माईक घेऊन माणूस आला म्हणजे आता आपला नंबर. त्याने पिशवीतून टोपी काढली आणि गेनभाऊंच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल खांद्यावर टाकला. लाडू मोडून अर्धा त्यांच्या तोंडात घातला. मग हाताला धरून म्हणाला, "उठा दाजी. दहा दिस झालं. कामाला लागा."

गेनभाऊ उठले. सोमाने मान वर केली आणि मंडपाकडे बघितलं. एवढी माणसं त्याच्या बहिणीसाठी बसली आहेत असं त्याला वाटलं असावं. त्याने मला नंतरही कधी स्पष्ट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, "आन तुमी बी उठा की राव. लई बसलात. आमच्या डोंगरातबी दुखवटा व्हता, पन खळ्यात भात पडलंय, त्ये झोडावं लागतंय. उठा, पावना सांगतुय."

किसनबुवा सगळ्यांत आधी उठले. पाहुण्याने, तेही दुसऱ्या तालुक्याच्या, टोपी ठेवून, गोड घालून, तोंडाने सांगितलं होतं. त्यात काढायला खोट नव्हती. तात्या आणि अण्णा एकमेकांकडे बघत एकाच वेळी उठले, आणि पायाला मुंग्या आल्यामुळे उठताना एकमेकांना धरावं लागलं. शेजारच्या सरपंचांनी आपली टोपी घाईघाईने स्वतःच्याच डोक्यावर ठेवली. अर्ध्या तासात गिरणीतून गाणं ऐकू आलं. दुपारी टेम्पोच्या कर्ण्यावर कांदा-बटाटा सुरू झाला आणि बायका घराबाहेर धावल्या. अण्णांचा फोन कणगीतून निघाला. त्या संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या मैदानावर भांडणसुद्धा झालं, तेव्हा सगळ्यांना खात्री पटली.

चार लोकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, सर, कसं काय जुळवून आणलंत! मी हो म्हणालो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी फाईल घेऊन धरणवस्तीवर गेलो. सोमा अजून होता. गेनभाऊ नवी टोपी घालून दारात बसले होते. कुदळ भिंतीला टेकलेली होती, तिला हात लागलेला दिसत नव्हता.

मी म्हणालो, "काल राहिलं ते आज बोलतो. माईक नाही, पण बोलतो."

"बोला की," गेनभाऊ म्हणाले, आणि नीट सावरून बसले.

मी अंगणात उभा राहिलो. समोर दोन माणसं आणि एक शेळी. फाईल उघडली आणि बायकांसाठीचं सुरू केलं. चंदनासारखं झिजणं, मायेची सावली, संसाराची वेल. हे मी शेकडो घरांत म्हटलेलं आहे, बाया रडल्या आहेत. गेनभाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे कुनाचं म्हनताय?"

मी फाईल मिटली. हौसाबाईबद्दल मला सांगता येईल असं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं. माझ्या स्वतःच्या वाफ्यात तिने कितीतरी वर्षं कांदा लावला होता. मी तिची फक्त पाठ बघितली होती. मी म्हणालो, "गेनभाऊ, मला काही माहीत नाही. तुम्ही सांगा. त्या कशा होत्या?"

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ती उटायची," ते म्हणाले. "सकाळी ती उटली की घर चालू व्हायचं. आता मी उटतो. पन घर चालू व्हत न्हाई."

सोमा उठून आत गेला, चूल पेटवायला लागला. लाकडं ओली निघाली, खूप धूर झाला. चहाचं आधण ठेवून तो म्हणाला, "दाजी, साखर कुटं आसती?"

गेनभाऊ आत गेले. मीही दारात जाऊन उभा राहिलो. फळीवर डबे एका रांगेत, घासून लख्ख. त्यांनी पहिला उघडला, त्यात डाळ. दुसऱ्यात मोहरी. तिसऱ्यात बी-बियाणं, फडक्यात गाठ मारून. चौथा उघडता उघडता मागच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "आगं, साखर कुटं…"

आधण उतू गेलं तेव्हा सोमा हलला. त्याने तीन कपांत चहा ओतला.

"मला बिनसाखरेचाच लागतो," मी म्हणालो. मी आयुष्यभर दोन चमचे घेत आलो आहे.

गेनभाऊंनी कप हातात घेतला. "ती बी तसाच प्यायची," ते म्हणाले. "साखर मला ठिवायची."